डॉक्टर व्हायचंय, मग अकरावीला गणित ठेवायचं की काढायचं?

आधी सरळ उत्तर देते. एमबीबीएसला जायचं असेल तर अकरावी-बारावीला गणित हा विषय लागत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी एवढे पुरतात. फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच्या बेरजेत खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवेत. त्या बेरजेत गणिताचा एक मार्कही धरत नाहीत. गणितात ९५ पडले म्हणून फायदा नाही आणि ३८ पडले म्हणून तोटा नाही. नापास झालात तर मात्र बारावीच अडकते, आणि बारावी पास नसेल तर नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर कितीही चांगला असला तरी तो कागदावरच राहतो.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. तरीही जूनमध्ये आमच्या सांगलीतल्या कॉलेजात प्रवेश निश्चित करायला आलेले पालक खिडकीवरून निघतात ते थेट स्टाफरूममध्ये येतात. "मॅडम, पोरगीला डॉक्टर करायचीय. गणित ठिवू का काढू?" मी गणित शिकवत नाही, फिजिक्स शिकवते. त्यामुळे मी तटस्थ असेन असं त्यांना वाटतं. मी तटस्थ नाही. गणित काढून निर्धास्त झालेली मुलं गणपतीच्या आसपास माझ्याच वर्गात अडकतात, त्यामुळे या प्रश्नावर माझं ठाम मत आहे.

ज्यांना फक्त मेडिकल हवंय, त्यातल्या बहुतेकांनी गणिताचा पेपर खुशाल सोडावा. पण त्यातले काही भाग दिवाळीच्या आत स्वतः शिकून घ्यावेत, कारण तेवढ्याशिवाय नीटचं फिजिक्स सुटत नाही. ज्यांचं दुसरं ठिकाण खरोखर ठरलेलं आहे त्यांनी पेपर ठेवावा आणि तो मनापासून करावा. "असू दे, पुढं उपयोगी पडंल" म्हणून ठेवलेलं गणित मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ते का, हे पुढे आकड्यांसकट सांगते.

नीटच्या पेपरात गणित कुठे बसलंय

नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क आणि १८० मिनिटं. बायोचे ९०, फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्नांची सवलतही गेली, आता सगळेच प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला वजा १. बोर्डाच्या पेपरला निदान लॉग टेबल चालतं, इथे तेही नाही आणि कॅल्क्युलेटर तर नाहीच. म्हणजे भागाकार, वर्गमूळ, घातांक सगळं हातानं, आणि तेही मिनिटभरात.

गणित म्हणून वेगळा भाग पेपरात नसला तरी फिजिक्सच्या १८० मार्कांत ते पसरलेलं आहे. बायोत तीनशेच्या वर जाणारी आणि फिजिक्समध्ये साठ-सत्तरवर थांबणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्यांना संकल्पना येत नाहीत असं नसतं. प्रक्षेप्य गती तोंडपाठ सांगतात, सूत्र बरोबर लिहितात, आणि साइन स्क्वेअर थीटाची किंमत घालताना गडबडतात. नाहीतर वेगाचं समीकरण दिलेलं असतं, त्वरण विचारलेलं असतं आणि एकदा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घ्यायचा असतो, तिथे पेन थांबतं.

केमिस्ट्रीत पीएच आलं की लॉग आलाच. पहिल्या कोटीची अभिक्रिया आली की लॉग, नर्न्स्ट समीकरण आलं की ०.०५९२ आणि पुन्हा लॉग. मोलच्या गणितांना गुणोत्तर-प्रमाण पुरतं, ते शाळेतलं आहे, पण तेच कच्चं असेल तर फिजिकल केमिस्ट्री अख्खी जड जाते.

बायोवाले म्हणतात, आमच्याकडे कुठे गणित? एनसीईआरटीचं पुस्तक उघडून बघा. हार्डी-वाइनबर्गचं तत्त्व म्हणजे शाळेतलं दोन पदांच्या बेरजेच्या वर्गाचं विस्तारसूत्र. समजा एखादा अप्रभावी आजार दहा हजारांत एकाला होतो. पी म्हणजे जनुकाच्या प्रभावी रूपाचं प्रमाण आणि क्यू म्हणजे अप्रभावी रूपाचं. मग क्यू-स्क्वेअर दहा हजारांश, म्हणजे क्यू शंभरांश, आणि वाहक शोधायला दोन गुणिले पी गुणिले क्यू केलं की उत्तर येतं जवळपास पन्नासात एक. आजारी दहा हजारांत एक आणि वाहक पन्नासात एक, हे पहिल्यांदा कळलं की वर्गात दोन-तीन चेहरे तरी उजळतात. लोकसंख्या वाढीचं लॉजिस्टिक समीकरण तर चक्क डेरिव्हेटिव्हच्या भाषेत छापलेलं आहे. क्षेत्रफळ आणि प्रजातींच्या संख्येचा संबंध लॉगमध्ये लिहिला की सरळ रेषा होते आणि तिचा चढ म्हणजे झेड. चढ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो 'झेड ०.१ ते ०.२' हे नुसतं पाठ करतो, आणि प्रश्न जरा फिरवून आला की सोडून देतो.

गणित घेतलं म्हणजे ते वेळेवर मिळतं असं नाही

हे कोणी पालकांना सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे. सदिश (दिशा असलेल्या राशी, म्हणजे व्हेक्टर) आणि कॅल्क्युलसची ओळख, दोन्ही त्यात. हा धडा कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच येतो, कारण तिसऱ्या धड्यात 'मोशन इन अ प्लेन' आहे आणि त्याला हे दोन्ही लागतं.

आता गणिताची पुस्तकं बघा. अकरावीच्या भाग १ मध्ये सुरुवातीला कोन आणि त्रिकोणमिती आहे, ते ठीक, वेळेवर येतं. पण डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, आहे भाग २ च्या अगदी शेवटच्या धड्यात. सदिश आहेत बारावीच्या भाग १ मध्ये. इंटिग्रेशन बारावीच्या भाग २ मध्ये. म्हणजे पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घेतलेला मुलगासुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला डेरिव्हेटिव्ह गणिताच्या तासाला शिकवलेला नसतो. त्या धड्याला गणितवाले आणि बिगरगणितवाले एकाच बाकावर असतात. फरक पडतो तो नंतर. गणितवाल्याचा पुढे दीड वर्ष आपोआप सराव होत राहतो आणि बिगरगणितवाल्याचा तो धडा झाला की गणिताशी संबंध संपतो. म्हणून गणित काढणाऱ्यानं सरावाची सोय स्वतः करायची असते.

याच कारणासाठी "फिजिक्स सोपं जावं म्हणून गणित घे" हा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. फिजिक्सला लागणारं गणित त्या चार पुस्तकांचा लहानसा भाग आहे. कोनिक सेक्शन, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रॅमिंग यांतलं नीटला काही येत नाही. तेवढ्यासाठी ८० मार्कांचा लेखी पेपर, २० मार्कांचं प्रात्यक्षिक, जर्नल आणि सबमिशन अंगावर घ्यायचं का, याचा विचार करा.

घरी करून बघायची चाचणी

दहावीच्या मार्कांवर जाऊ नका. बीजगणित-भूमितीत नव्वदच्या वर असलेली मुलंही अकरावीत घसरतात, कारण दहावीचे प्रश्न ठरलेल्या साच्यातून येतात. त्याऐवजी मुलाला कागद-पेन देऊन बसवा, मोबाइल बाजूला ठेवायला सांगा, आणि हे सोडवून घ्या.

०.००३६ ही संख्या दहाच्या घातात लिही. ३ भागिले ८ दशांशात किती? एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी-स्क्वेअर, यातून ए एकटा काढ. २.५ गुणिले १० चा ३ घात, याला ५ गुणिले १० चा वजा २ घात यानं भाग. साइन ३० आणि कॉस ६० किती, आणि ते सारखेच का? शेवटचा प्रश्न: एखादी राशी दर ६ तासांनी निम्मी होते, तर २४ तासांनी मूळच्या किती भाग उरेल?

उत्तरं अशी: ३.६ गुणिले १० चा वजा ३ घात. ०.३७५. एस मधून यूटी वजा करून येईल त्याची दुप्पट, भागिले टी-स्क्वेअर. ५ गुणिले १० चा ४ घात. दोन्ही अर्धा, कारण ते एकाच काटकोन त्रिकोणातले कोटिकोन आहेत. सोळावा भाग.

सगळं न अडखळता जमलं तर मुलाचा पाया पक्का आहे. पेपर ठेवायचा की नाही हे त्याच्या आवडीवर आणि पुढच्या बेतावर ठरवा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला अडखळला तर गणिताचा पेपर घेऊन तो सुधारेल अशी आशा करू नका, आधी आठवी-नववीचं बीजगणित पुन्हा करून घ्या. ते जूनमध्येच करायचं. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणखी एक अडचण असते. त्यांना गणित येत असतं, पण 'कोटिकोन' म्हणजेच कॉम्प्लिमेंटरी अँगल आणि 'घातांक' म्हणजेच एक्स्पोनंट हे जुळायला महिना-दीड महिना जातो. त्याला घाबरून विषय काढू नका. सेमीची मुलं तेवढ्यापुरतीच पुढे असतात.

ठेवायचं कोणी

ज्याचं दुसरं स्वप्न खरंच गणितातून जातं त्यानं. माझ्या बहिणीचा मुलगा साताऱ्यात, सैनिक स्कूलच्या गावात वाढलेला. त्याच्या डोक्यात एकीकडे पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, आणि दुसरीकडे एनडीए, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. एएफएमसीला नीटमधून जायचं, तिथे गणित लागत नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत मात्र गणिताचा ३०० मार्कांचा स्वतंत्र पेपर आहे, तो लष्करासाठी अर्ज करणाऱ्यालाही चुकत नाही, आणि हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतंच. त्याला मी गणित ठेवायला सांगितलं, आणि बहिणीची कुरकुर मी ऐकून घेतली.

संशोधनाकडे ओढा असलेल्यांनीही ठेवावं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत जायचं तर प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचे प्रत्येकी १५. गणित न घेताही अर्ज करता येतो, पण ते १५ प्रश्न काही टळत नाहीत. बायोमेडिकल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, संख्याशास्त्र या वाटांचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांचंही तेच. आणि ज्याला गणित आवडतं, रविवारी बसून स्वतःहून प्रमेयं सोडवतो, त्यानं ठेवावं. त्याच्यासाठी तो विरंगुळा आहे.

आता 'असू दे' वाल्यांकडे येते. ही मंडळी संख्येनं सगळ्यात जास्त. त्यांचा हिशेब असा: नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, तेव्हा नाही जमलं तर इंजिनिअरिंगला टाकू, विश्रामबागेत वालचंद कॉलेज आहेच. भीती खरी आहे, पण उपाय अपुरा आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीएम गट २०० मार्कांचा. त्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे निम्मे मार्क एकट्या गणिताचे. दोन वर्षं बायो रटत गणित कसंबसं पासापुरतं ओढलेला मुलगा या पेपरात कुठे उभा राहणार? वालचंदचं नाव घेणं सोपं, तिथे प्रवेश मिळवणारी मुलं गणित रोज करतात. इंजिनिअरिंगचा दरवाजा खरंच उघडा ठेवायचा असेल तर गणिताला बायोइतकाच वेळ द्यावा लागेल, आणि मग तेवढा वेळ नीटमधून जाईल. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीपासून, मग सीईटी, आणि मे महिन्यात नीट, असं सगळं एकाच उन्हाळ्यात येतं हेही लक्षात घ्या.

शिवाय मेडिकल नाही मिळालं तर इंजिनिअरिंग हाच एक रस्ता नाही. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस नीटवरच. पशुवैद्यकीयही नीटवर, आणि त्याचं कॉलेज आपल्या शेजारी शिरवळला आहे. बी.फार्मला पीसीबी चालतं. फार्मसीच्या पहिल्या सत्रात पीसीबीवाल्या मुलांना 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स' हा वेगळा विषयच दिलेला आहे, आणि पीसीएमवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी. म्हणजे तिथे अभ्यासक्रमानंच गृहीत धरलंय की तुम्ही गणित सोडून आलेला असाल.

काढलं तर त्या जागी काय

यावर फार वेळ घालवू नका. भूगोल, मानसशास्त्र, आयटी, जे तुमच्या कॉलेजात खरोखर शिकवलं जातं ते घ्या. 'खरोखर' म्हणजे त्या विषयाला शिक्षक आहे का, तास होतात का, हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा. सगळ्यांना मार्क पडतात म्हणून भूगोल घेतात, त्यात गैर काही नाही. पुढे स्पर्धा परीक्षेला तो कामाला येतो. द्राक्ष-हळदीच्या पट्ट्यातली काही मुलं पीक विज्ञान हा २०० मार्कांचा बायफोकल (व्यवसाय शिक्षणाचा) विषय घेतात. घरची शेती असेल तर तो आवडतो, फक्त त्याचं प्रात्यक्षिकांचं ओझं आधी विचारून घ्या.

क्लास आणि कॉलेज एकत्र असलेल्या इंटिग्रेटेड बॅचमध्ये जाणार असाल तर प्रवेशाआधी तोंडावर विचारा: गणित ठेवलं तर त्याचे तास कोण घेणार, आणि कधी? पुष्कळ ठिकाणी नीटच्या बॅचला गणिताचा शिक्षकच नसतो. मग विषय कागदावर राहतो, आणि बारावीच्या डिसेंबरमध्ये घरचे ट्यूशन शोधत फिरतात.

काढलेल्यांनी दिवाळीपर्यंत काय करायचं

इथे मी कडक आहे. माझ्या वर्गातल्या पीसीबीच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक शंभरपानी वही वेगळी करायला लावते. रोज अर्धा तास, जेवणाआधी. तासगाव, कवठेमहांकाळहून एसटीनं येणारी मुलं तो अर्धा तास गाडीतच काढतात आणि माझी त्याला हरकत नाही, कारण यातलं बरंचसं तोंडी करायचं आहे.

सुरुवात हातच्या हिशेबापासून. अपूर्णांकाचे दशांश, १ ते ३० चे वर्ग, १ ते १२ चे घन, दहाच्या घातांचे गुणाकार-भागाकार. रूट २ म्हणजे १.४१४, रूट ३ म्हणजे १.७३२, पाय-स्क्वेअर म्हणजे जवळपास १०. उत्तराचा अंदाज आधी बांधायचा, मग पर्याय बघायचे. नीटचे चार पर्याय पुष्कळदा एकमेकांपासून इतके लांब असतात की नेमका भागाकार करायची गरजच पडत नाही.

मग लॉग. त्याला टेबल लागत नाही, दोन किमती पाठ हव्यात: लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१. त्यातून ४, ५, ६, ८, ९ सगळ्यांचे लॉग काढता येतात; ५ साठी १० भागिले २ करायचं. २ गुणिले १० चा वजा ३ घात एवढ्या हायड्रोजन आयनांचं पीएच काय? ३ वजा ०.३०, म्हणजे २.७. असे वीस हिशेब केले की लॉगची भीती जाते.

त्रिकोणमितीत ०, ३०, ३७, ४५, ५३, ६०, ९० या कोनांच्या किमती. ३७ आणि ५३ बोर्डाच्या पुस्तकात ठळकपणे येत नाहीत, पण ३-४-५ च्या त्रिकोणामुळे फिजिक्सच्या प्रश्नांत सतत येतात: साइन ३७ म्हणजे ०.६, कॉस ३७ म्हणजे ०.८. कोन लहान असेल तर साइन थीटा म्हणजे थीटाच, रेडियनमध्ये. लोलकाचं सूत्र त्याच गृहीतावर उभं आहे.

सदिश फिजिक्सच्या पुस्तकातूनच शिका, गणिताच्या पुस्तकाकडे जाऊ नका. घटक पाडणं, बेरीज, डॉट आणि क्रॉस गुणाकार, एवढंच. क्रॉस गुणाकाराची दिशा उजव्या हातानं ठरवायची, आणि लिहिणारा हातही उजवाच असल्यामुळे परीक्षेत निम्मी मुलं डावा हात वापरतात. पेन खाली ठेवा, मग हात वळवा.

कॅल्क्युलस शेवटी, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ. आलेख काढून चढ म्हणजे काय हे आधी बघायचं. स्थान-काळ आलेखाचा चढ म्हणजे वेग, वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, आणि त्याच आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. हे चित्र डोळ्यांसमोर बसलं की मग नियम: एक्सचा एन घात, साइन, कॉस, ई चा एक्स घात, लॉग एक्स, यांचे डेरिव्हेटिव्ह, गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम. महत्तम-लघुतमासाठी डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवायचा. इंटिग्रेशनमध्ये एक्सचा एन घात, १ भागिले एक्स, साइन, कॉस आणि मर्यादा घालणं. इथे थांबा. सब्स्टिट्यूशनचे अवघड प्रकार, पार्शियल फ्रॅक्शन वगैरे करायला गेलात तर मग पेपरच घेतला असता तर काय वाईट होतं?

पुस्तकांसाठी पैसे घालवू नका. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. डिफरन्सिएशनच्या धड्यातले पहिले दोन स्वाध्याय पुरेसे आहेत.

आणि एक धडा पुढच्यासाठी

अकरावीच्या गणिताच्या भाग १ मधले शेवटचे दोन धडे, 'मेझर्स ऑफ डिस्पर्शन' आणि 'प्रोबॅबिलिटी', नीटला लागत नाहीत. तरी बारावीची परीक्षा झाल्यावर, निकालाची वाट बघताना ते वाचा. डॉक्टर झाल्यावर उरलेलं आयुष्यभर हेच गणित लागतं. एमबीबीएसला कम्युनिटी मेडिसिनमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स असतं, आणि मिरजेच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजला गेलेले माझे विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा त्या भागाबद्दल हमखास तक्रार करतात.

एक उदाहरण देते, ते मी वर्गातही देते. हजार माणसांत दहा जणांना एक आजार आहे. तपासणी अशी की आजारी माणसांपैकी ९० टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? वर्ग एकमुखानं म्हणतो, ९० टक्के. मोजून बघा. दहा आजाऱ्यांपैकी ९ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९, म्हणजे बारातला एक. प्रोबॅबिलिटीच्या धड्यात बेजचा सिद्धांत म्हणून हेच आहे. हे न कळणारा डॉक्टर उरलेल्या अकरा जणांना उगाच घाबरवून सोडेल.

रोजचं काम त्याहून साधं असतं. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे, सेट १ मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? दहा हजार थेंब भागिले २४० मिनिटं, साधारण ४२. रात्री तीन वाजता वॉर्डात हा भागाकार हातानंच करायचा असतो.

ठेवल्यावर, किंवा मन बदलल्यावर

गणित ठेवणाऱ्याला माझं एवढंच सांगणं: पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत प्रामाणिकपणे करा आणि मग चारही विषयांचे मार्क समोर ठेवून बसा. गणित चाळिशीत आणि त्याच्यापायी बायोही घसरलेलं, असं दिसलं तर इज्जतीचा प्रश्न करू नका. "बारावीला काढू" म्हणून वाट बघू नका, विषय बदलाला मुदत असते आणि परवानगी लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात विचारून ठेवा: विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, अर्ज कोणाकडे द्यायचा, आणि त्याची पोच मिळते का. खिडकीवरचं तोंडी "होतंय की, बघू" धरून चालू नका.

उलट्या बाजूनं जाणाऱ्यांसाठीही रस्ता आहे. बायो न घेता पीसीएम केलं आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर पूर्वी अडचण होती. नॅशनल मेडिकल कमिशननं नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटला बसायची मुभा दिली. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. पण त्यात एक वर्ष जातं, आणि ते वर्ष कोणाच्या खर्चानं जाणार हे घरात आधी बोलून घ्या.